एका घरातल्या चार पेन्शनी : जुनी, नवी, पीएफची आणि आत्याचे १,०४८ रुपये

टॉवेलवाला

मंडळी, गेल्या रविवारी आमच्या घरात पेन्शनवरून जे वाजलं ते अजून निवलेलं नाही. म्हणून इथं मांडतो. लांबण लागणार आहे, आधीच माफी.

घर सोलापुरात, अक्कलकोट रोडला. जेवणं उरकली होती. चार दिवसांच्या खंडानंतर त्या दुपारी नळाला पाणी येणार होतं म्हणून कोणी आडवं होईना. धाकटा भाऊ आलेला. तो झेडपीचा शिक्षक, शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षं काढून २०११ ला कायम झाला. म्हणजे एनपीएसवाला, नवी पेन्शन : पगारातून कापून बाजारात साठवायचं, जेवढं साठेल त्यावर पेन्शन. वडील, म्हणजे अण्णा, २००५ ला प्राथमिक शाळेतून रिटायर झाले, जुनी पेन्शन : शेवटच्या पगाराच्या निम्मी, वर महागाई भत्ता. मी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो, पीएफवाला. आणि आत्या, अण्णांची धाकटी बहीण, जन्मभर विड्या वळल्या. तिलाही पेन्शन आहे हे त्या दिवसापर्यंत आमच्यापैकी कोणाच्या डोक्यातच नव्हतं, खरं सांगायचं तर.

विषय भावानं काढला. युनिफाइड (२०२४ ला सरकारनं काढलेली, जुनी आणि नवीच्या मधली पेन्शन) घ्यावी, एनपीएसमध्येच राहावं की जुनीसाठी अजून थांबावं? अण्णा म्हणाले, "तुम्ही २०२३ चा संप सात दिवसांत गुंडाळला. आम्ही ७७-७८ ला चौपन्न दिवस बसलो होतो." भाऊ म्हणाला, तुमच्या संपाचं फळ तुम्ही खाताय, आमच्या ताटात साल आलं. आवाज चढले. आत्या खाली बसून चटणीसाठी शेंगा फोडत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "त्यात आमचं हजार रुपयाचं काय वाढणार हाय का रे?"

कोणी काही बोललं नाही. भाऊ पाणी आलं का बघायला उठला.

संध्याकाळी मी सगळ्यांची पासबुकं घेऊन बसलो. अण्णा : महागाई भत्त्यासकट अडतीस हजारांच्या आसपास. आत्या : १,०४८. अण्णांचा एक महिना म्हणजे आत्याची तीन वर्षं. माझं अजून सुरू व्हायचंय, पण सूत्र माहीत आहे : सेवेची वर्षं गुणिले पगार, तोही ठरलेल्या मर्यादेपर्यंतच. सप्टेंबर २००४ ला लागलो, २०३३ ला ५८ पुरी होतील. २०१४ पर्यंतची दहा वर्षं साडेसहा हजारांच्या मर्यादेनं, पुढची एकोणीस पंधरा हजारांच्या मर्यादेनं, भागिले ७०. आले पाच हजार. वीस वर्षांवर सेवा झाली की दोन वर्षं वाढवून धरतात, ती धरली तरी साडेपाचच्या आत. पगार कितीही असो. आणि ते साडेपाच हजार मरेपर्यंत तेवढेच, महागाई भत्ता नाही.

माझं मत : सरकारी पेन्शन बंद करा म्हणणारा मी नाही. अण्णांची पेन्शन नसती तर २०२० च्या लॉकडाउनमध्ये आमचं कठीण होतं, कारखाना बंद होता. पण "सुधारणा" म्हणून जे काय चाललंय ते ५० टक्के की बाजार, एवढ्यातच चाललंय. खालची पायरी हजार रुपयांवर आहे, १ सप्टेंबर २०१४ पासून, तिथून हललेली नाही. आधी ती वर घ्या, मग वरच्या मजल्यावर काय भांडायचं ते भांडा.

तुमचं काय म्हणणं?

निवृत्त_गुरुजी

टॉवेलवाले, तुमच्या आत्याबाईंबद्दल पूर्ण सहानुभूती. पण तुमच्या मांडणीत एक बारीक खोट आहे. अण्णांचे अडतीस आणि आत्याचे हजार शेजारी ठेवले की वाचणाऱ्याला वाटतं अण्णांनी आत्याचे घेतले.

पेन्शन ही खैरात नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं नकारा खटल्यात १७ डिसेंबर १९८२ ला हे सांगून ठेवलंय. सेवा आधी दिलेली असते, मोबदल्यातला काही भाग नंतर मिळतो. म्हणून तर १७ डिसेंबर आम्ही पेन्शनर दिवस पाळतो. मी ७१ ला नोकरीला लागलो, ७२ च्या दुष्काळात शाळेत सुकडी वाटली. पगार किती होता ते विचारू नका, सायकल हप्त्यानं घेतली होती. त्या काळी मिलमध्ये साच्यावरचा माणूस मास्तरपेक्षा जास्त घरी नेत असे, आणि आम्हाला सांगितलं जाई, मास्तर, म्हातारपणाची काळजी नाही ना तुम्हाला! तो शब्द पाळायचा की नाही?

पार्क_चौक

आधी माजी आमदारांची पेन्शन बंद करा. एकदा निवडून आलं की जन्मभर महिना पन्नास हजार. पाच वर्षांत! मास्तरला तीस वर्षं खडू खावा लागतो.

स्टेअरिंग

पार्क चौक, लाखात एक बोललात.

हिशेबनीस

आमदारांचं दर वेळी निघतं. चीड यावी अशीच गोष्ट आहे, येऊ दे. पण माजी आमदार असून असून किती असणार? ती सगळी रक्कम उद्या थांबवली तरी राज्याच्या निवृत्तिवेतनाच्या आकड्यावर ओरखडाही उठणार नाही.

गुरुजी, शब्द पाळायलाच हवा, आणि तुमचा पाळलाच जातोय. वाद २००५ नंतर नोकरीला लागलेल्यांचा आहे, ज्यांना जुनी पेन्शन नाही. जुन्या पेन्शनमागं कुठं फंड नाही, ही गोष्ट फार लोकांना माहीत नसते. तुमच्या पगारातून जीपीएफ (भविष्य निर्वाह निधी) कापला तो तुमचाच, व्याजासकट परत मिळाला. पेन्शन ज्या त्या वर्षीच्या तिजोरीतून जाते, म्हणजे आज चादर विकत घेणाऱ्याच्या जीएसटीतून. माणूस ५८ ला निवृत्त होतो, ऐंशीपर्यंत जगतो, मागं बाईंना कुटुंब निवृत्तिवेतन. त्यात महागाई भत्ता वर्षातून दोनदा वाढतो, आणि वेतन आयोग आला की मूळ पेन्शनही वर सरकते. वेतन, निवृत्तिवेतन आणि व्याज मिळून महाराष्ट्राच्या महसुलातले निम्म्याहून जास्त पैसे जातात. रस्ता, दवाखाना, उजनीचं पाणी, सगळं उरलेल्यात.

हिमाचलनं २०२३ ला जुनी पेन्शन परत आणली. सप्टेंबर २०२४ मध्ये तिथं पगार पाच तारखेला आणि पेन्शन दहा तारखेला झाली. एकट्या पेन्शनमुळं झालं असं मी म्हणत नाही, कर्ज आधीपासूनचं होतं. पण टाचणी फुग्याजवळ नेल्यासारखं आहे ते.

जीआर_वाचक

काही दुरुस्त्या, कारण इथं तारखा सैल व्हायला लागल्यात.

केंद्रात १ जानेवारी २००४ पासून लागलेल्यांना एनपीएस, सैन्यदलं वगळून. महाराष्ट्रात ३१ ऑक्टोबर २००५ च्या शासन निर्णयानं १ नोव्हेंबर २००५ पासून. तेव्हा नाव होतं परिभाषित अंशदान योजना, पोरं डीसीपीएस म्हणायची. पुढं ती एनपीएसमध्ये गेली.

२००५ नंतर लागलेल्या सगळ्यांचीच जुनी पेन्शन गेली, असं समजणंही बरोबर नाही. ज्यांची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ च्या आधीची, पण रुजू नंतर झाले, त्यांना २ फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयानं जुन्या पेन्शनचा पर्याय दिला. टॉवेलवाल्यांचा भाऊ त्यात बसत नाही.

आणि एक गंमत. युनिफाइडमध्ये कुटुंबाला पेन्शनच्या ६० टक्के मिळणार म्हणून फार गाजावाजा झाला. पेन्शन पगाराच्या ५० टक्के, त्याचे ६० टक्के म्हणजे पगाराचे ३० टक्के. जुन्या योजनेत कुटुंब निवृत्तिवेतन पगाराच्या ३० टक्केच होतं. जुनीच साडी, नवीन घडी.

खडू_फळा

मी एनपीएसवाली, २००९ ची. जिल्हा सांगत नाही, इथं ओळखीचे फार.

संपात मी होते. १४ मार्च २०२३ ला सुरू झाला, २० ला मागं घेतला. मार्च महिना, परीक्षा तोंडावर. पालक दारात येऊन विचारायचे, बाई कधी उघडणार? आत खजील व्हायला व्हायचं. पण सात दिवस टोपी घालून बसलो, "एकच मिशन, जुनी पेन्शन". अण्णांना म्हणावं, चौपन्न दिवस आमच्यानं झाले नसते, पण त्या संपामुळं समिती तरी बसली.

बाजार वर-खाली होतो, ती भीती नंतरची. माझी भीती वेगळीच आहे. सुरुवातीच्या वर्षांत पगारातून दहा टक्के कापले गेले, ते कुठं जमा झाले याची स्लिप मिळेना. अठरा महिन्यांच्या नोंदी आजही जुळत नाहीत. ऑफिसात गेलं की एक कपाट दाखवतात. "मॅडम, मागचं रजिस्टर त्यात असंल, नसंल तर मागच्या साहेबांच्या काळातलं आहे." पगारपत्रकाच्या झेरॉक्स मी स्वतः काढून एका पिशवीत ठेवल्यात. कॅरीबॅग नव्हे हं, लग्नातली आहेराची कापडी पिशवी. माझी नवी पेन्शन त्या पिशवीत आहे. जुन्या योजनेत पेन्शनसाठी कापलंच जात नव्हतं, त्यामुळं हरवायलाही काही नव्हतं.

टॉवेलवाला

खडू फळा ताई, भाऊ अगदी हेच सांगतो, फक्त त्याची पिशवी नाही, बिस्किटाचा डबा आहे.

हिशेबनीस

ताई, नोंदींचं म्हणणं शंभर टक्के मान्य. ती चोरी नसली तरी चोरीइतकाच वाईट गलथानपणा आहे.

पण व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात ते "एनपीएसवाल्याला पेन्शन फक्त दोन हजार" असले कागद बाजूला ठेवू. ते बहुतेक नोकरीला दहा-बारा वर्षंच झालेल्यांचे असतात. तीस वर्षांच्या नोकरीला समजा चाळीस लाख साठले. नियमानं निदान ४० टक्के, म्हणजे सोळा लाखांची अ‍ॅन्युइटी घ्यायची, पैसे विमा कंपनीला देऊन जन्मभर ठरावीक पेन्शन. साडेसहा टक्क्यांनी वर्षाला एक लाख चार हजार, महिना साधारण आठ हजार सहाशे. एवढंच छापून लोक म्हणतात, बघा! उरलेले चोवीस लाख हातात येतात, करमुक्त, ते का नाही छापत? सात टक्क्यांनी ठेवले तरी महिना चौदा हजार, आणि मुद्दल मुलांना.

खडू_फळा

ठेवले तर ना! चोवीस लाख हातात आलेल्या मास्तरच्या घरी पहिल्या महिन्यात कोण कोण येतं ते तुम्हाला माहीत नाही वाटतं. मुलीचं लग्न, मुलाचं डोनेशन, मेव्हण्याचा प्लॉट. आणि तुमचे आठ हजार सहाशे वीस वर्षांनी पण आठ हजार सहाशेच. तेव्हा गॅस सिलिंडर केवढ्याला असेल?

हिशेबनीस

हा मात्र खरा घाव आहे. बाजाराची भीती वाटते तेवढी मोठी नाही, खरी उणीव महागाईची आहे. जुन्या पेन्शनचं सगळ्यात मौल्यवान अंग तेच, ५० टक्के नव्हे तर भत्ता. युनिफाइडमध्ये तो परत आला, म्हणून मी तिला बरी म्हणतो. कर्मचाऱ्याचे दहा टक्के चालू राहतात, केंद्राचे साडेअठरा. पंचवीस वर्षं सेवा झाली तर शेवटच्या बारा महिन्यांच्या मूळ पगाराच्या सरासरीचे निम्मे. दहा वर्षं झाली तरी किमान दहा हजार.

जीआर_वाचक

पण त्या बदल्यात साठलेला फंड सरकारच्या पदरात टाकायचा, हे सांगा की. हातात येणारी एकरकमी रक्कम म्हणजे दर सहा महिन्यांच्या सेवेला पगाराचा दहावा हिस्सा. पंचवीस वर्षं म्हणजे पन्नास सहामाह्या, पाच महिन्यांचा पगार. साठ टक्क्यांपर्यंत फंड काढता येतो, पण मग पेन्शन त्या प्रमाणात घटते. म्हणूनच केंद्रात तेवीस लाखांना पर्याय दिला, मुदत दोनदा वाढवली, तरी फार थोड्यांनी घेतला.

निवृत्त_गुरुजी

म्हणजे शेवटी काय? डिसेंबर २०२२ ला नागपूरच्या अधिवेशनात सरकारनं सांगितलं, जुनी पेन्शन दिली तर एक लाख दहा हजार कोटींचा बोजा, राज्य दिवाळखोरीत निघेल. मार्च २०२३ ला संप झाला. मार्च २०२४ ला शिंदे साहेबांनी विधानसभेत शेवटच्या पगाराच्या ५० टक्के अधिक भत्ता जाहीर केला. २४ ऑगस्टला दिल्लीनं युनिफाइड काढली, २५ ला मुंबईनं स्वीकारली. वर्ष कुठलं, तर विधानसभेच्या निवडणुकीचं. हिशेबनीस, तुमचा हिशेब तिजोरीतून सुटत नाही, मतपेटीतून सुटतो.

पुण्यातला_सोलापुरी

रोखठोक बोलतो, राग मानू नका. मी हिंजवडीत आयटीत. मला पेन्शन नाही, नोकरीची हमी नाही, मागच्या वर्षी आमच्या मजल्यावरच्या अकरा जणांना एका दुपारी घरी पाठवलं. कर मी भरतो. सरकारी माणसाला पगार चांगला, नोकरी पक्की, वर ही चर्चा की पेन्शन ५० टक्के की त्याहून जास्त! नव्या भरतीसाठी सरकारची हमी पूर्ण थांबवा. प्रत्येकाचं खातं, प्रत्येकाचे पैसे. वाचेल तो वाचवेल.

पार्क_चौक

आला पुण्याचा शहाणा. तुझे वडील कशात होते रे?

पुण्यातला_सोलापुरी

पाटबंधाऱ्यात. जुनी पेन्शन. हो, माझं इंजिनिअरिंग त्यांच्या पगारावर आणि ग्रॅच्युइटीवर झालं. म्हणून मी गप्प बसायचं का? फायदा झाला म्हणून पद्धत बरोबर ठरत नाही.

संपादक_मंडळ

वडिलांपर्यंत जाऊ नका. मुद्द्यावर.

स्टेअरिंग

लोकांना वाटतंय एस्टीचा ड्रायव्हर म्हणजे सरकारी माणूस. लग्नात पण मला तसंच म्हणायलेत, "साहेब तुम्हाला काय, पेन्शन हाय." एकतीस वर्षं गाडी चालवली. सोलापूर-तुळजापूर, सोलापूर-विजापूर, रात्रीची पुणे. ईपीएसचे, म्हणजे पीएफमधल्या पेन्शनचे, तीन हजार दोनशे येतात. बीपीच्या गोळ्या आणि बायकोच्या गुडघ्याचं तेल, संपले.

पुण्यातले भाऊ, "वाचेल तो वाचवेल" म्हणताय. आमचं काय वाचत होतं की ओ? पोरगं शाळेत, आई अंथरुणावर, घराचं भाडं. वाचवायला आधी उरावं लागतंय.

आणि हे साडेसात हजाराचं आंदोलन कितीक वर्षं चाललंय. ईपीएस ९५ वाल्यांची साधी मागणी, महिना साडेसात हजार आणि वर महागाई भत्ता. म्हातारी माणसं दिल्लीला जाऊन बसून आली. आमच्यासाठी कुणी राज्य बंद पाडत नाही, कारण आम्ही संपावर गेलो तर काय बंद पडणार? आमचं घोरणं?

टॉवेलवाला

स्टेअरिंग काका, शेवटच्या वाक्याला हसावं की काय कळेना.

पुण्यातल्या भावाला उत्तर म्हणून एक हिशेब मांडतो, कारखान्यातली सवय. "सरकार कोणाला किती देतं" एवढंच बघू, पेन्शन सुरू व्हायच्या आधी, दर महिन्याला.

माझ्या भावाचा मूळ पगार आणि भत्ता मिळून पंचाहत्तर हजार धरा. त्याच्या एनपीएसमध्ये सरकार १४ टक्के टाकतं, म्हणजे साडेदहा हजार. तो दहा टक्के स्वतःचे टाकतो, ते वेगळे.

माझ्या ईपीएसमध्ये मालकाच्या हिश्श्यातले ८.३३ टक्के जातात, पंधरा हजारांच्या मर्यादेवर १,२५० रुपये. केंद्र सरकार त्यात १.१६ टक्के टाकतं. पंधरा हजारांवर किती झाले? १७४ रुपये.

साडेदहा हजार आणि एकशे चौऱ्याहत्तर. सरकार भावाचा मालक आहे, माझा नाही, हे मला कळतं. मालक म्हणून ते भावाला साडेदहा हजार टाकतं, याची तक्रार नाही. पण पुण्यातले भाऊ म्हणतात "सगळ्यांची हमी काढा", आणि कर्मचारी संघटना म्हणतात "आमची हमी परत द्या". या दोन्हींत माझे १७४ जिथल्या तिथंच राहतात. आणि आत्याच्या काळात विडीची मजुरीच एवढी कमी की १.१६ टक्के म्हणजे चहाचे पैसे.

पूर्व_भाग

टॉवेलवाले, तुमची आत्या म्हणजे आमच्या गल्लीतली प्रत्येक बाई आहे.

माझी आई दत्त नगरात विड्या करायची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पान भिजवायचं, पत्र्याच्या मापानं कातरायचं, मांडीवर सूप, तंबाखूची चिमूट, वळायचं, तोंड दुमडायचं, सूत बांधायचं. हजाराला अमुक रुपये, अशी मजुरी. सकाळी टोपलीत घालून कारखान्याच्या शाखेवर न्यायच्या. तिथला चेकर मूठभर उचलून "ही छाट" म्हणून बाजूला टाकणार, त्याचे पैसे नाहीत. पीएफ कापला जायचा, पण कार्डावर नाव एकाचं आणि वळणाऱ्या घरातल्या तिघी. आईच्या नावावर सेवा लागली अकरा वर्षं. वळल्या चाळीस वर्षं.

आता मुद्दा. आमचे निम्मे नातेवाईक सिरसिल्ला आणि करीमनगरकडं. तेलंगणात विडी कामगार बायकांना राज्य सरकारच्या आसरा योजनेत वेगळी पेन्शन आहे, महिना २,०१६ रुपये. तीच विडी, तेच पान, तीच तेलुगू भाषा. माझी मावशी तिकडं राहिली म्हणून तिला मिळतात, आई इकडं सोलापुरात आली म्हणून नाही. लग्नात भेटतात तेव्हा मावशी मुद्दाम विचारते, "मीकु एंता वस्तुंदी?" तुम्हाला किती येतं म्हणून. आई विषय बदलते.

राज्याला जमत नाही असं कोणी म्हणू नका. जमवलंय शेजारच्यांनी.

जीआर_वाचक

आपल्याकडं संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ आहे, महिना पंधराशे. पण त्यात उत्पन्नाची अट आणि तलाठ्यापासून पुढचे दाखले. मुलगा कमावता असला की अडकतं.

पूर्व_भाग

तेच की. मुलगा कमावतो म्हणून आई निराधार नाही. मास्तरच्या पेन्शनला मुलगा कमावतो का, असं कोणी विचारतं? विचारू नयेच, माझं म्हणणं तसं नाही. आमच्याकडंच का विचारता, एवढंच.

निवृत्त_गुरुजी

पूर्व भाग, हे मला सुचलं नव्हतं. दोन दिवस हा धागा वाचतोय. मी माझा मुद्दा सोडत नाही, पेन्शन हा हक्क आहे. पण हक्क म्हटलं की तो सेवेचा हक्क, आणि चाळीस वर्षं वळलेल्या विड्या ही सेवा नाही असं मला म्हणता येईना. आमच्या संघटनेच्या बैठकीत किमान पेन्शनचा ठराव मांडून बघतो. पास होईल याची खात्री देत नाही. तिथं महागाई भत्त्याच्या थकबाकीपलीकडं कोणी बोलत नाही.

पुण्यातला_सोलापुरी

किमान पेन्शन सगळ्यांना, कराच्या पैशातून, आणि त्याच्या वर ज्याचं त्याचं खातं. याला माझा विरोध नाही. फक्त मग सरकारी कर्मचाऱ्यांनाही तेच, वेगळी पंगत नको.

खडू_फळा

वाटलंच. शेवटी पंगत आमचीच उठवायची.

हिशेबनीस

पुण्यातल्यांची कल्पना कागदावर छान दिसते. पण हमी काढली तर भरती कोण होणार, हेही बघा. दुर्गम गावातल्या एकशिक्षकी शाळेत पन्नाशीपर्यंत माणूस टिकतो तो पगारावर नाही, पुढच्या निश्चिंतीवर टिकतो. ती निश्चिंती काढायची असेल तर तिची किंमत पगारात द्यावी लागेल, म्हणजे बोजा तिथंच.

माझं विचाराल तर युनिफाइडसारखं काहीतरी राहणार, कारण त्यात कर्मचारी काही टाकतो आणि सरकारही आधीपासून बाजूला काढतं. जुनी परत येऊ नये, नव्या भरतीला तर नाहीच. आणि टॉवेलवाल्यांची खालची पायरी. तिच्यासाठी मी इथं वाद घालणार नाही. १४ सालातले हजार रुपये आज किती उरले, ते कुठल्याही किराणा दुकानात कळेल.

पार्क_चौक

आणि आमदार?

हिशेबनीस

आमदारही. झालं समाधान?

टॉवेलवाला

चर्चा चांगली झाली, भाऊ आणि अण्णा दोघंही वाचतायत. शेजारी बसून, पण एकमेकांशी न बोलता. भावानं अजून ठरवलं नाही.

एक वेगळीच अडचण आली ती सांगतो, कोणाच्या उपयोगी पडेल. हयातीच्या दाखल्यासाठी आत्याला बँकेत नेलं. मशीनवर अंगठा उमटेना. उजवा, डावा, मग एकेक बोट. तिथल्या पोरानं ओल्या रुमालानं पुसून बघितलं, आत्यानं पदराला घासून बघितलं. लाल दिवाच. विड्या वळून वळून बोटांवरच्या रेषाच गेल्यात. पोरगा म्हणाला, "आजी, तुमची बोटं प्लेन झालीत." मागं रांगेत अजून दोघी होत्या, त्यांचंही तेच. जिवंत बाई समोर उभी, आणि मशीन म्हणतं जुळत नाही.

स्टेअरिंग

माझ्या मेव्हणीचं पण असंच झालं होतं. चेहऱ्यानं होतंय आता. मोबाइलवर.

टॉवेलवाला

हो काका, तेच केलं शेवटी. जीवन प्रमाण आणि आधार फेस आरडी, अशी दोन अ‍ॅप घ्यायची. आधार क्रमांक, पीपीओ (पेन्शनच्या आदेशाचा) क्रमांक आणि बँक खातं समोर ठेवायचं. उजेडाकडं तोंड करून बसवायचं. मी आत्याला तुळशीपाशी बसवलं. फोन म्हणतो डोळे मिचकवा. तिनं दोन्ही डोळे घट्ट मिटले ते उघडेचना, तिला वाटलं फोटो नीट येईपर्यंत मिटायचे. तिसऱ्या वेळी झालं. ईपीएसवाल्यांना नोव्हेंबरच पाहिजे असं नाही, वर्षात कधीही दिला तर तिथून बारा महिने चालतो.

"आता पुढच्या वर्षी परत?" म्हणाली. हो म्हटलं. "मग आधी सांग, पदर तरी नीट घेईन."

पूर्व_भाग

आईचं करायचंय. चष्म्यासकट होतं का काढावा लागतो?

टॉवेलवाला

काढा. काचेवर चमक येते. आणि रविवारी करू नका, सकाळी लई वेळ गोल फिरत राहतं. लागलं तर मी येतो, शनिवारी दुपारी दोननंतर मोकळा असतो.